ट्रायलला गेलेलं घर

ती घटना आजही आठवली की आधी मला हसू येतं, मग छातीत धडधडतं आणि शेवटी हुश्श होतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले पुष्कळ आता एकमेकांत मिसळून गेलेत. ही साधी गाडीची फसवणूक मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. कारण त्या गाडीबरोबर आणखी काय गेलं होतं, हे फिर्याद द्यायला आलेल्या माणसालाच ठाऊक नव्हतं. नावं कुणाचीच सांगणार नाही. माणसं अजून इथलीच आहेत, बाजारात भेटतात, रामराम घालतात.

तेव्हा मी जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. लग्नसराईचे दिवस. लग्नसराई म्हणजे पोलिसांना डीजे, वाहतुकीची कोंडी आणि मांडवातली भांडणं. सकाळची हजेरी घेऊन मी नुकताच खुर्चीत टेकलो होतो. एवढ्यात खोडदचा एक तरुण शेतकरी आत आला. चाळिशीच्या आतबाहेर, धडधाकट, पण चेहरा पार उतरलेला.

"साहेब, गाडी नेली."

"कुणी?"

"पावण्यानं."

"कुठला पावणा?"

"त्येच तर कळंना झालंय."

मी हवालदारांकडे पाहिलं. आमचे हवालदार मुरलेले. त्यांनी आधी त्याला पाणी दिलं. घाबरलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारू नये, पहिलं पाणी द्यावं, ही त्यांचीच शिकवण.

हकीकत अशी होती. या गड्यानं काही वर्षांपूर्वी एक ट्रॅव्हलर टेम्पो घेऊन त्याचं चालतं घर बनवून घेतलं होतं. इंग्रजीत मोटरहोम म्हणतात. आत पलंग, पडदे, गॅसची शेगडी, भांडी धुवायला छोटं बेसिन, वर पंखा. आमच्याकडे रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या तबकड्या बघायला, घाट बघायला पुण्याची मंडळी येतात. त्यांना ही गाडी भाड्यानं द्यायची, असा त्याचा हिशोब. दोन-तीन वर्षं बरं चाललं, मग थंडावलं. गाडी अंगणात उभी राहिली. उभ्या गाडीला विमा, कर, बॅटरी सगळंच लागतं. म्हणून विकायला काढली.

आधी तो मंचरच्या एका शेठकडे गेला. शेठचा जुन्या गाड्यांचा मोठा व्यापार. घराणं मूळचं राजस्थानचं, पण पिढ्यान् पिढ्या मंचरात. माझ्यापेक्षा स्वच्छ मराठी बोलतात. शेठनी गाडी पाहिली आणि जो भाव सांगितला, तो ऐकून याला राग आला. आपण हौसेनं घर बांधलं आणि हा टेम्पोचा भाव करतोय! घरी येऊन यानं मोबाइलवर जाहिरात टाकली. फोटो, किंमत, फोन नंबर. झालं, एक पावणा मिळाला.

"पावणा म्हणजे नात्यातला?" मी विचारलं.

"म्हंजे... बायकूच्या म्हायेराच्या शेजारच्या गावचं हाय म्हणले. तिच्या चुलत्याला वळखतो म्हणले. मग आता वळखीच्या मान्साला..."

"मग काय केलंस?"

तो खाली मान घालून म्हणाला, "मासवडी केली."

मासवडी काय प्रकार आहे हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. बेसन शिजवायचं, तीळ-खोबऱ्याचं सारण भरायचं, वळायचं, कापायचं, वर झणझणीत रस्सा. घरची बाई पहाटेपासून राबते. ही मंडळी गाडीचं गिऱ्हाईक यायचं म्हणून मासवडी करून बसली होती! पावण्यानं सकाळीच येऊन रस्सा ओरपला, भाकरी कुस्करली, ताईंच्या हाताला चव आहे म्हणाला. हात धुतले आणि म्हणाला, जरा ट्रायल घेऊ. तेवढ्यात शेतावरची लाइट आली. आता लाइट आली की शेतकरी मोटार चालू करायला पळणारच. पावणं म्हणाले, "तुमी मोटार बघा दाजी, मी एक चक्कर मारून आलोच." दाजी! चावी गेली, गाडी गेली, कागदपत्रंही गेली, कारण ती गाडीतच कप्प्यात होती.

"आरसीची झेरॉक्स घरी ठेवलीस? त्याचं आधार कार्ड, लायसन, काही घेतलं होतंस?"

"पावण्याकडं कागूद कसा मागायचा, साहेब?"

इथे माझा पारा चढला. "अरे, बँकेत स्वतःच्या पैशासाठी चार सह्या करतोस आणि अख्खं घर चाकावर घालून अनोळखी माणसाच्या हातात देतोस?" तो म्हणाला, "त्यांची मोटारसायकल हाय आमच्याकडं." हवालदारांनी नंबर तपासला. मोटारसायकल आठवड्यापूर्वी दुसऱ्याच तालुक्यातून चोरीला गेलेली. मी कपाळावर हात मारला.

फिर्याद लिहायला घेतली होती, इतक्यात त्याचा फोन वाजला. बायकोचा होता. ऐकता ऐकता तो मटकन बाकावर बसला. मी फोन हातात घेतला. पलीकडून ती माउली रडतच बोलत होती. "साहेब, मामंजी कुठं दिसत न्हाईत. देवळात न्हाईत, पारावर न्हाईत, मळ्यात न्हाईत."

सासरे ऐंशीच्या पुढचे. शरीरानं ठणठणीत, पण विसरभोळेपणाच्या पुढची पायरी गाठलेली. स्वतःचं गाव कधी सांगायचे, कधी नाही. मुलाला धाकटा भाऊ समजायचे. असं माणूस हरवणं म्हणजे लहान लेकरू हरवण्यापेक्षा वाईट. लेकराला निदान लोक विचारतात, रडतोस का बाळा. म्हाताऱ्याला कोण विचारतं?

आम्ही जीप काढून खोडद गाठलं. अंगणात जांभळाखाली गाडीची जागा मोकळी. चाकांच्या खुणा तेवढ्या उरलेल्या. आणि दाराची पायरी जिथे येत असेल, बरोबर तिथे, कातडी चपलांचा जोड, नीट जोडून ठेवलेला.

"या कुणाच्या?" मी विचारलं.

सूनबाईंनी चपला पाहिल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गाडीत चपला घालून चढायचं नाही, हा त्या घरातला नियम. आत सतरंजी होती, अंथरूण होतं, घरच होतं ते. म्हाताऱ्याला घरातल्या खाटेपेक्षा त्या पलंगावर झोप चांगली लागायची. रोज सकाळी ते देवळात जायचे. त्या दिवशी मात्र मागच्या मागे गाडीत चढून, पडदा ओढून झोपले होते.

गाडी गेली तर विमा आहे, कोर्ट आहे. पण चोराला धावत्या गाडीत मागून एक म्हातारा उठून आलेला दिसला, तर तो काय करील? घाबरलेला चोर सराईत चोरापेक्षा वाईट. रस्त्यात उतरवून देईल, धरणाकडे नेईल, घाटात... मी पुढचा विचार बंद केला. वायरलेसवरून सगळ्या ठाण्यांना वर्णन दिलं, हायवेला नाकाबंदी लावली. पावण्याचा फोन बंद होता. गाडी टोल नाक्यावरून गेल्याची नोंद नव्हती, म्हणजे आतल्या रस्त्यानं गेली होती.

मुलाला गावकऱ्यांबरोबर विहिरी आणि मळे शोधायला ठेवलं. एकाच तर्कावर विसंबून चालत नाही. सूनबाई म्हणाल्या, "मी तुमच्यासंगं येणार. मामंजी माज्याबिगर कुणाचं ऐकत न्हाईत." महिला शिपाई बरोबर घेतल्या आणि त्यांना जीपमध्ये बसवलं.

जाता जाता मी त्यांना विचारलं, "तो पावणा फोनवर पहिल्यांदा बोलला तेव्हा तुमच्या माहेरचं नाव आधी कोणी काढलं? त्यानं की तुम्ही?"

त्या हळूच म्हणाल्या, "आमीच. त्यानं इचारलं, वहिनींचं म्हायेर कुठलं. मी गाव सांगितलं. मग तो म्हणला, आरं मग आपून पावणंच की."

आमच्याकडे दोन माणसं भेटली की आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग मामाचं गाव. तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतंच. नातं निघालं की चहा, आणि चहा झाला की कागद मागणं हा अपमान. हे त्या भामट्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं काही चोरून शोधलं नव्हतं. ह्यांनीच त्याच्या हातात दोरी दिली होती.

मला संशय होता शेठवर. मुलगा जबाबात बोलून गेला होता की सौदा फिसकटल्यावर शेठ म्हणाले होते, "बाहेर विकशील तर रडत येशील." पोलिसाच्या कानाला असं वाक्य गोड लागतं. आम्ही थेट मंचर गाठलं. बाजार समितीच्या बाजूला कांद्याच्या ट्रकांची ही रांग. त्यातून वाट काढत शेठच्या आवारात शिरलो. शेठ टेबलावर पाय न ठेवणारे, कपाळाला केशरी टिळा लावणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ.

"शेठ, तो पोरगा रडत येईल असं तुम्ही म्हणाला होतात?"

"म्हणालो. अजूनही म्हणतो. आला का रडत?"

मी त्यांना आवाज चढवून दोन-चार प्रश्न विचारले. तुमची माणसं कुठे आहेत, सकाळपासून कोणाला फोन केले, गाडीची माहिती आणखी कोणाला दिली. शेठनी शांतपणे सगळी उत्तरं दिली आणि शेवटी तेच भडकले. "साहेब, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. मला ती गाडी हवी असती तर चार पैसे वाढवून त्याच दिवशी घेतली नसती का?"

यात दम होता. तेवढ्यात सूनबाई जीपमधून उतरून आत आल्या. "शेठ, गाडी ऱ्हाऊ द्या. आमचं म्हातारं हाय त्याच्यात."

शेठ ताडकन उभे राहिले. आवाजच बदलला. "बाबा? गाडी दाखवायला आणली त्या दिवशी आतल्या पलंगावरून मला 'धाकल्या, जेवून जा' म्हणणारे बाबा?" त्यांनी डोक्याला हात लावला. मग मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "आता ऐका. माझ्या धंद्याचं सांगतो, तुमच्या कामाचं असेल तर घ्या."

त्यांनी सांगितलं ते मला आजही शब्दशः आठवतं. "लोक म्हणतात डीलर लुटतो. मी कमी देतो, कारण मी गाडीबरोबर तिची डोकेदुखी विकत घेतो. कर्ज फिटल्याचा दाखला, विमा, आरटीओत नाव बदलणं, सगळं माझ्या गळ्यात. गाडी माझ्या दारात आली की विकणाऱ्याची झोप चालू आणि माझी बंद. बाहेर विकली तर पैसे जास्त मिळतात, पण वेळ जातो. दहा जण बघून जातात, एक घेतो. त्यात ही असली गाडी. असं चालतं घर घेणारा माणूस वर्षातून एखादा. चोराकडे तेवढा वेळ आहे का?"

"नाही."

"मग तो बाहेर विकणार नाही. ज्याला घाई, तो आमच्यासारख्याकडेच येतो. पण असं घर घेऊन आला तर लगेच ओळखू येईल. म्हणजे तो आधी आतला पलंग, बेसिन, कपाटं काढून टाकणार आणि साधा ट्रॅव्हलर करून मग विकणार. त्याला आज गॅरेज लागेल."

मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली. शेठनी ओळखीच्या सगळ्या गॅरेजवाल्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला. चहा येईपर्यंत फोन वाजला. शिरूरच्या बाजूच्या एका गॅरेजवाल्याचा. कुणीतरी कालच त्याला विचारून ठेवलं होतं, ट्रॅव्हलरच्या आतलं सगळं काढून देशील का, लगेच पाहिजे. दुपारी जेवणाच्या आत गाडी घेऊन येतो म्हणाला होता, अजून आला नव्हता.

"आला तर चहा पाज," शेठ त्याला म्हणाले. "आणि पाने लपवून ठेव."

आम्ही सुसाट निघालो. गॅरेजच्या शेडमध्ये साध्या कपड्यांत बसलो. दुपार टळली, तरी गाडीचा पत्ता नाही. सूनबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मला घडीघडी वाटत होतं, आपला अंदाज चुकला, गाडी केव्हाच दुसऱ्या जिल्ह्यात गेली. हवालदार म्हणाले, "साहेब, चोर उशीर करत नाय. काहीतरी झालंय." मी त्यांना गप्प बसा म्हणालो. मला तेच वाटत होतं.

उन्हं उतरायच्या बेताला गाडी आली! तीच, बाजूला डोंगराचं चित्र काढलेली. पावणा उतरला, आळस दिला आणि पुढच्या क्षणी हवालदारांच्या मिठीत होता. मी मागचं दार उघडून पडदा ओढला. पलंग रिकामा. उशीवर पांढरी टोपी तेवढी पडलेली. सूनबाईंनी ती टोपी उचलून छातीशी धरली आणि हंबरडा फोडला.

लोकांना वाटतं पोलिसांची चौकशी म्हणजे पट्टा. माझा अनुभव वेगळा आहे. माराला घाबरून माणूस खोटंच जास्त बोलतो आणि त्या खोट्याचा शोध घेण्यात वेळ जातो. माझ्याकडे वेळ नव्हता. मी त्याला स्टुलावर बसवलं.

"म्हातारा कुठंय?"

"कोन म्हातारा? गाडीत कुणी नव्हतं साहेब."

"टोपी कुणाची?"

"मालकाची आसंल. मला काय ठावं."

मी फिरून फिरून एकदा गाडीचं विचारलं, एकदा म्हाताऱ्याचं. मूळचा तो घाबरट नव्हता. चोरीचं बिनदिक्कत कबूल करत होता, "गाडी आनली, हां, चूक झाली." म्हाताऱ्याचं नाव काढलं की मात्र डोळे चुकवायचा. माणूस जिथे डोळे चुकवतो तिथेच खणायचं. हवालदार त्याची अंगझडती घेत होते. खिशात पैशाचं पाकीट, दोन फोन, तंबाखू. आणि शर्टाच्या कॉलरच्या आत, मानेपाशी, काहीतरी पिवळं-तांबडं. हवालदारांनी चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवलं. तांदूळ. हळदी-कुंकवानं रंगवलेले तांदूळ. अक्षता!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खोडदला सकाळी मासवडी हादडणाऱ्या माणसाच्या मानेत अक्षता कुठून आल्या?

"कुणाच्या लग्नाला गेला होतास रे?" मी अगदी सहज विचारलं.

त्याचा चेहराच पडला. मग जे बोलायला लागला ते थांबेचना.

आतल्या रस्त्यानं निघून तो आंबेगाव तालुक्यात शिरला होता. निरगुडसरच्या अलीकडे मागचा पडदा सरकला आणि म्हातारं पुढे येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "धाकल्या, लग्नाचं गाव आलं का?" तो इतका दचकला की गाडी कांद्याच्या वावरात जायची राहिली. "साहेब, आईशप्पत, माजं हातपाय गळालं. आता ह्याचं काय करावं? रस्त्यात उतरवावं तर ऊन कसलं, पायात चप्पल न्हाई. ठाण्यावर सोडावं तर मीच सापडायचो. म्हातारं सारकं म्हणतंय, लग्नाला उशीर व्हतोय. तेवढ्यात पुढं मांडव दिसला."

म्हणून यानं काय करावं? गाडी लग्नाच्या गाड्यांत उभी केली, म्हाताऱ्याचा हात धरला आणि मांडवात नेऊन पुढच्या रांगेत बसवलं. दारातच दोघांच्या हातात अक्षता दिल्या गेल्या. याला वाटलं, बसवलं की सटकायचं. पण आमच्या भागातली लग्नं त्याला पुरती माहीत नसावीत. मुहूर्त टळला तरी माइकवाला एकेका पुढाऱ्याचं स्वागत करत होता. ह्यांचं आगमन, त्यांचे शुभाशीर्वाद, मग पुन्हा ह्यांचे दोन शब्द. मागे माणसं उभी, वाट बंद. भर मंगलाष्टकात उठून चालू लागला असता तर शंभर डोळे वळले असते. मग पंगतीत ओढून बसवला. "मासवडीनं पोट टच्च व्हतं साहेब, तरी जिलबी वाढली."

"आणि म्हातारा?"

"त्याला म्या शेजारीच बसिवला. भात कालवून दिला. मग कुणीतरी त्याला फेटा बांधत व्हतं, तवा मी निघालो."

महिला शिपाई तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. मला मात्र हसू येईना. फेटा बांधला ती दुपारची गोष्ट. त्यानंतर म्हातारा उठून रस्त्याला लागला असेल तर? त्या मांडवाच्या मागून कालवा जातो, असं तो भाग ठाऊक असलेले हवालदार म्हणाले.

मी निघता निघता त्याला विचारलं, "रस्त्यात का नाही सोडलंस?"

तो मान खाली घालून म्हणाला, "साहेब, मी गाडी चोरली. म्हातारं न्हाई."

निरगुडसरला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मांडवाच्या कनाती उतरवत होते. खुर्च्या एकावर एक रचलेल्या. नवरीकडच्या एका कारभाऱ्याला धरून वर्णन सांगितलं.

"उंच, गोरे, बिनचपलांचे बाबा? मघाशी होते की. नवरदेवाकडचे ना ते? आमी त्यान्ला आहेराची टोपी-उपरणं दिलं, मानाचं मानूस म्हणून."

नवरदेवाकडचा माणूस पलीकडे बस लावत होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, "न्हाई ओ, ते नवरीकडचे. नवरीचे आजोबा न्हवं का? पोरीला मिठीत घेऊन रडत व्हते."

दोन्हीकडच्यांनी दिवसभर त्यांना दुसरीकडचं समजून सांभाळलं होतं. पाणी दिलं होतं, पंख्याखाली बसवलं होतं, एकानं तर चपला आणून घातल्या होत्या. कुणीही विचारलं नव्हतं, बाबा तुम्ही कोण?

मांडवाच्या टोकाला पाठवणी चालली होती. गर्दी बाजूला सारत आम्ही पुढे गेलो. नवरी गाडीत बसली होती आणि खिडकीशी, डोक्याला केशरी फेटा, गळ्यात उपरणं, एक उंच म्हातारा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला सांगत होता, "रडू नको बाय. घर चांगलं हाय. मी येतो की न्यायला."

माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, हुद्द्याचा विसर पडून मी शेजारच्या खांबाला टेकलो.

सूनबाई धावत गेल्या आणि त्यांच्या पायांशीच बसल्या. "मामंजी! आवो मामंजी!" म्हाताऱ्यानं वाकून त्यांच्याकडे पाहिलं. ओळखलं नाही. पण रडणारी लेक दिसली म्हणून तिच्याही डोक्यावर हात ठेवला आणि लग्नात विचारतात तसं विचारलं, "पोरी, तू कुणाकडची गं?"

"तुमच्याकडची," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडचीच हाय मी."

"मग चल. उशीर झाला," ते म्हणाले आणि तिचा हात धरून जीपकडे चालू लागले.

पुढचं सगळं रीतसर झालं. पावण्याला अटक, मोटारसायकलीचा गुन्हा उघड, गाडीचा पंचनामा. दोषारोपपत्रात मी त्याची लबाडी जशी लिहिली, तसंच त्यानं म्हाताऱ्याला सावलीत बसवून जेवू घातल्याचंही लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, हे कशाला? मी म्हणालो, घडलं ते लिहिलं. शिक्षा त्याला व्हायची ती झाली.

न्यायालयानं गाडी सुपूर्दनाम्यावर मालकाला परत दिली, म्हणजे खटला संपेपर्यंत ती सांभाळायची, विकायची नाही, या अटीवर. मला वाटलं मुलगा हिरमुसेल. सूनबाईच पुढे होऊन म्हणाल्या, "लई बरं झालं साहेब. मामंजीन्ला झोपायला व्हईल." आणि तसंच झालं. म्हातारा पुढची काही वर्षं दुपारी त्या पलंगावर सुखानं झोपला आणि एके दिवशी तिथेच, झोपेतच गेला.

खटला संपल्यावर मुलगा मला विचारायला आला, "साहेब, आता शेठला देऊ का बाहेर विकू?" मी तेव्हा निवृत्त झालो होतो. मी त्याला सांगितलं, कुणालाही दे, ते तू ठरव. घाई असेल तर शेठ बरे, सवड असेल तर बाहेर चार पैसे जास्त मिळतील. पण ट्रायलला स्वतः शेजारी बैस. मूळ कागद गाडीत ठेवू नकोस. घेणाऱ्याचं ओळखपत्र घे, आरटीओच्या फॉर्मवर सह्या झाल्याशिवाय आणि पैसे खात्यात आल्याशिवाय चावी सोडू नकोस. नाव बदललं की नाही, हे पुन्हा जाऊन बघ. त्यानं शेवटी शेठनाच मध्ये घातलं. गिऱ्हाईक बाहेरचं, कागदपत्रं शेठकडची. शेठनी दलाली घेतली आणि मासवडी खाऊन गेले.

नोकरीभर माझं काम संशय घेण्याचं होतं आणि त्याची मला लाज नाही. पण त्या दिवशी म्हातारा वाचला तो माझ्या संशयानं नाही. ज्या भाबडेपणावरून मी सकाळी त्या पोराला झापलं, त्याच भाबडेपणानं संध्याकाळपर्यंत त्याच्या बापाला सांभाळलं. तेव्हापासून मी लोकांना व्याख्यानात एकच सांगतो. चावी देताना माणसाची खुशाल उलटतपासणी घ्या. ताट वाढताना मात्र विचारू नका, तुम्ही कुणाकडचे.